पृथ्वीला दुर्गुणी माणसं हवीत

सद्गुणांची एक मोठी अडचण असते. ते लवकर दमतात. पाच जूनला सकाळी सोसायटीच्या आवारात रोपं लावताना जो उत्साह दिसतो, तो सहा जूनला पाणी घालायची वेळ आली की ‘माळी येऊन गेला का हो?’ एवढ्यावर येतो. जागतिक पर्यावरण दिन 1973 पासून साजरा होतो आहे. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं आपण दरसाल एक दिवस पुण्यवान होतो आणि उरलेलं वर्ष त्या एका दिवसाच्या पुण्याईवर काढतो.

पुण्याई अशी उधळण्याची माणसाची खोड संशोधकांनी चक्क मोजून ठेवली आहे. उमा करमरकर आणि ब्रायन बोलिंजर या दोघांनी अमेरिकेतल्या एका किराणा दुकानाच्या बिलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. घरून पिशवी घेऊन येणारी गिऱ्हाइकं सेंद्रिय माल जास्त घेत होती. ते ठीकच. पण तीच गिऱ्हाइकं चिप्स आणि आइस्क्रीमसारखे चवीचे पदार्थही जास्त घेत होती. एवढी पिशवी आणली, मग स्वतःचे थोडे लाड करायला काय हरकत आहे? या शोधासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे शेंगदाणे सोलता सोलता सिद्ध झालेलं आहे.

तेव्हा पर्यावरणाचं रक्षण सद्गुणांवर सोपवण्यात अर्थ नाही. ते दुर्गुणांवर सोपवावं. दुर्गुण दमत नाहीत, त्यांना घोषणा लागत नाहीत, त्यांचा दिन साजरा करावा लागत नाही. ते अंगात चोवीस तास असतात, सुट्टीच्या दिवशी जरा जास्तच. आणि महाराष्ट्रात त्यांचा साठा मुबलक आहे.

पहिला मान चिक्कूपणाचा. प्रत्येक मराठी घराण्यात एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या मागून अंधार चालत येतो. तो खोलीतून बाहेर पडला की दिवा जातो, पंखा जातो आणि आतून आवाज येतो, “अहो, मी आहे इथे!” आमच्या घराण्यात हे पद काकांकडे आहे. काकांनी ‘पर्यावरण’ हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नाही. त्यांचा संबंध फक्त वीजबिलाशी. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला त्याहून चढा, मग 301 ते 500, आणि त्यापुढे विचारूच नका. काकांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण चालू महिन्यात आपण कितव्या टप्प्यात आहोत, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

घरातला जुना पंखा 75 वॅट खातो आणि नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास, हे कळलं त्या दिवशी काका कागद-पेन्सिल घेऊन बसले. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिटांचा फरक. पंखे पाच. त्या रात्री काकांना झोप लागली नाही. डोक्यावर 75 वॅट फिरताना दिसत होते. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स वीज खातच राहतो, हे समजल्यापासून तर घरात रोज रात्री दहाला टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करण्याचा विधी होतो. काका ते इतक्या गांभीर्याने करतात, की कोणी आरती म्हणायला सुरुवात केली तरी नवल वाटू नये.

एसीचा रिमोट काकांच्या उशाखाली असतो. खोलीच्या नव्या एसीमध्ये चालू करताच 24 अंश हेच तापमान दिसलं पाहिजे, असा नियम केंद्राने 1 जानेवारी 2020 पासून केला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब असा, की तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. काकांनी हा हिशेब 29 अंशांपर्यंत नेला. “मग लावायचाच कशाला?” काकू म्हणाल्या. “तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय,” काका म्हणाले. आपल्या देशात निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशातून येते. काकांनी उशाखाली हात घालून एसी बंद केला की कुठेतरी, समजा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात, चार खडे कोळसा वाचतो. चंद्रपूरला हे माहीत नाही. काकांनाही नाही. दोघांचं बरं चाललं आहे.

चिक्कूपणाची दुसरी शाखा आत्याकडे. आत्याच्या घरी अन्न वाया जात नाही, फक्त त्याचं नाव बदलत जातं. शनिवारची भाजी रविवारी पराठा होते, सोमवारी कटलेट. रात्रीची पोळी सकाळी कुस्करा, रात्रीचा भात सकाळी फोडणीचा. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, कोथिंबिरीच्या देठांची चटणी. आत्याकडे जेवायला गेलेला माणूस आपण भाजी केव्हा खाल्ली आणि भाजीची वस्त्रं केव्हा, हे शेवटपर्यंत सांगू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला 60 टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नव्हता, घरांचा होता. हे अन्न कचराडेपोत एकावर एक दडपून कुजलं की मिथेन निघतो, आणि तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट जालीम आहे. हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, “मिथेन बिथेन मला माहीत नाही. तेल किती महाग झालंय माहीत आहे का?” आणि उरलेल्या तळणीच्या तेलात तिने थालीपीठ लावलं.

आत्याच्या ओट्यामागच्या टाइल्सवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन उलट्या चिकटवलेल्या असतात. वाळल्या की घडी, घडीची चळत, आणि चळत रद्दीवाल्याकडे. तो काट्यावर ठेवतो तेव्हा आत्या काट्याकडे पाहत नाही, त्याच्या अंगठ्याकडे पाहते. तिच्याकडून शिकण्यासारखी एक खुबी सांगतो. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो चिमुकला तुकडा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही. पुनर्वापराला जात नाही, सरळ गटारात जातो. आत्या तो का तोडत नाही? वजनात तेवढाच भरतो म्हणून.

आता आळस. पर्यावरण चळवळीने आळसाला अजून न्याय दिलेला नाही. मात्र 2024 च्या मे महिन्यात सीएसआयआर या देशातल्या अग्रगण्य विज्ञानसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं. एका जोडीची इस्त्री टाळली की सुमारे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचतो, असा त्यामागचा हिशेब. माझा भाचा ही बातमी वाचून भारावला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून तो हे राष्ट्रकार्य एकट्याने, कुठल्याही अनुदानाशिवाय करत होता. चुरगळलेल्या शर्टावरून त्याने आईची जी बोलणी खाल्ली, त्यांचा टनांत हिशेब मांडून तो आता प्रमाणपत्र मागणार आहे.

भाचा जीन्सही महिनोन्महिने धुवत नाही. कपडे धुण्याचं यंत्र त्याला चालवायला दिलंच, तर गरम पाण्याचं बटण कुठलं हे शोधायचा त्याला कंटाळा येतो, म्हणून गार पाण्यातच सगळं उरकतो. यंत्राची सर्वांत जास्त वीज पाणी तापवण्यात जाते, हे त्याला ठाऊक नाही. नवे कपडे घ्यायला दुकानात जायचा त्याला कंटाळा. सुती टी-शर्ट एक बनवायचा तर कापसाच्या शेतापासून धरून सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असं सांगितलं जातं. भाच्याने गेल्या दिवाळीत न घेतलेल्या टी-शर्टांत एखादी विहीर भरली असती.

आळसाची खरी कसोटी मात्र कंपोस्टमध्ये लागते. ओल्या कचऱ्याचं खत करणं हे आळशी माणसाचं काम आहे. उत्साही माणूस ते बिघडवतो. उत्साही माणूस बादलीचं झाकण दिवसातून चारदा उघडतो, पाणी शिंपडतो, बाजारातून तीन प्रकारची पावडर आणतो आणि आठव्या दिवशी शेजारी वासाची तक्रार घेऊन आले की कार्यक्रम आवरता घेतो. आळशी माणूस स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकतो, वर मूठ-दोन मूठ सुका पालापाचोळा पसरतो आणि विसरून जातो. ओल्यात नत्र, पाल्यात कर्ब. दोन्ही एकत्र आले की पुढचं काम सूक्ष्मजीव करतात, आणि त्यांना देखरेख आवडत नाही. वास आलाच तर आत ओल जास्त आणि हवा कमी झाली एवढाच अर्थ. आणखी पाला टाकायचा, एकदा खालवर करायचं आणि पुन्हा विसरायचं. दोन-तीन महिन्यांनी आठवण झाली की खाली काळंभोर खत तयार असतं. पाल्याच्या बाबतीत तर आळस हीच प्रदूषणावरची उपाययोजना आहे. पाला जाळायचा म्हणजे उठायचं, झाडू घ्यायचा, ढीग करायचा, काडेपेटी शोधायची. आळशी माणूस पाला झाडाखालीच पडू देतो. झाडाचीही तीच इच्छा असते.

गणपती विसर्जनाचंही तेच. नदीकाठी दोन तास गर्दीत उभं राहण्यापेक्षा घरीच बादलीत विसर्जन करावं, हा विचार भक्तीतून नव्हे, पार्किंगमधून येतो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मार्ग काढला. बादलीतल्या पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलं की मूर्ती काही दिवसांत विरघळते, तळाला कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं. ते खत आहे. पाणी घालून पातळ करून झाडांना देता येतं. पुणे महापालिका 2016 च्या सुमारापासून ही पावडर वाटते आहे. बाप्पा बाल्कनीतल्या जास्वंदीत पोहोचतात आणि आपण गाडी न काढता सोफ्यावर.

तिसरा दुर्गुण भोचकपणा. याचं मोल पुण्याने ओळखलं, यात आश्चर्य नाही. इथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना 1993 मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. नियमाची पत्रकं आली, ती आम्ही सगळ्यांनी सुक्या कचऱ्यात टाकली. ओल्यात टाकली नाहीत, एवढी प्रगती.

फरक पडला तो आमच्या इमारतीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींमुळे. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सगळा कचरा एकाच पिशवीत गाठ मारून द्यायचे. श्रावणातल्या एका सोमवारी मावशींनी जिन्यातच पिशवी सोडली आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “दादा, ही हाडं ओल्यात घालू का सुक्यात?” त्या दिवसापासून त्या घरात दोन नव्हे, चार डबे आहेत. महापालिकेला जे पत्रकांनी साधलं नाही, ते एका प्रश्नाने साधलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर रोज सकाळी ‘जरा पेपर आला का बघते’ म्हणून दार उघडतात आणि कोणाच्या डब्यात काय आहे यावरून एक नजर फिरवतात. अमुक घरी पिझ्झाचे खोके आठवड्यात किती आले, तमुक घरी बाटल्या कुठल्या निघाल्या, सगळं त्यांना तोंडपाठ. खोके आणि बाटल्या वेगळ्या ठेवल्या की विकल्या जातात, उष्ट्या भातात कालवल्या की डेपोत जातात. पण आमच्याकडे त्या वेगळ्या ठेवल्या जातात त्या वहिनींना दिसू नयेत म्हणून, झाकणाच्या डब्यात.

मावशींच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालतो तो कोणाचा तरी खरा हात असतो. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ती उघडून बघावी लागणार नाही, एवढी साधी मागणी कचरावेचक बायकांनी केली. त्याला सद्गुण लागत नाही, लाल पेन लागतं. वहिनींनी ते जिन्याच्या कठड्याला दोरीने बांधून ठेवलं आहे. पेन कोण वापरतं आणि कोण नाही, हेही त्यांना ठाऊक असतं.

यानंतर येते ईर्ष्या. शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडे हवं, शक्य तर त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच हवं, या भावनेवर आपलं निम्मं फर्निचर उभं आहे. कॅलिफोर्नियातल्या वस्त्यांत छतावरचे सौर पॅनेल कसे पसरतात, याचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एका घरावर पॅनेल बसले की त्याच भागात आणखी घरांवर बसण्याची शक्यता वाढते, असं त्यात आढळलं. आमच्या मागच्या गल्लीतले बंगलेवाले हा प्रबंध न वाचता त्याप्रमाणे वागले. पहिल्या बंगल्यावर पॅनेल आले तेव्हा बाकीचे ‘काही उपयोग नाही हो त्याचा’ म्हणत होते. मग पहिल्या बंगलेवाल्याने आपलं वीजबिल वॉचमनला दाखवलं. फक्त वॉचमनला. संध्याकाळपर्यंत गल्लीला पाठ झालं. त्यात केंद्राची सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान घेऊन. ईर्ष्येला फुकटाची जोड मिळाली आणि दोन पावसाळ्यांत गल्लीतली छतं निळी झाली.

हॉटेलवाल्यांनाही ईर्ष्येचा हिसका माहीत आहे. खोलीतला टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पर्यावरण वाचवा, अशी पाटी लावून पाहिली. मग पाटी बदलली: याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ती पाटी पहिलीपेक्षा जास्त चालली, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. पृथ्वी गेली तरी चालेल, पण माझ्याआधी या खोलीत राहिलेला माणूस माझ्याहून शहाणा ठरता कामा नये. विजेच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या सॅन मार्कोस गावात घराघराला शेजाऱ्यांच्या सरासरीचा आकडा कळवला, तर जास्त वीज जाळणारे कमी जाळू लागले आणि कमी जाळणारे ‘अरेच्चा, आपण उगाच काटकसर करत होतो’ म्हणून जास्त जाळू लागले. कमी जाळणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा ते पुन्हा कमीवर टिकले. आमच्या काकांना कोणी हसरा चेहरा दिला नाही. त्यांची प्रेरणा शुद्ध आहे.

ईर्ष्येची धाकटी बहीण म्हणजे मिरवणं. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस तिची आवाज न करण्याची खासियत मोठ्या आवाजात सांगतो. त्याला बोलू द्यावं. त्या आनंदापोटी का होईना, धूर कमी होतो. फक्त मुंबईकरांसमोर त्याने फार ताणू नये. तिथे 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्याला विजेवर गाडी निघाली आणि तेव्हापासून लाखो माणसं रोज इलेक्ट्रिक वाहनाने कामावर जातात, तीही दारात लटकून. त्यातल्या एकानेही स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवून घेतलेलं नाही. त्यांना फक्त वेळेवर पोहोचायचं होतं आणि पार्किंगचे पैसे द्यायचे नव्हते.

घासाघीस हा दुर्गुण खास बायकांचा म्हणून गणला जातो, ते खोटं आहे. बायकांना तो जमतो, एवढंच. बोहारीण दारात आली की हा सोहळा बघावा. एका बाजूला जुन्या साड्या, दोन पँटी, मुलाचा आखूड झालेला सदरा. दुसऱ्या बाजूला स्टीलचं पातेलं. “ताई, या कपड्यांवर वाटीसुद्धा येत नाही.” “अगं, ही साडी दोनदाच नेसलेय!” “मग आणखी दोनदा नेसा की.” तासाभराने पातेलं घरात येतं, झाकणासकट, झाकणाच्या बदल्यात शेवटच्या क्षणी एक चादर गेलेली असते. त्या कपड्यांतले चांगले पुन्हा विकले जातात, फाटके चिंध्या होऊन यंत्रं पुसायला जातात. आता याला ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असं भारदस्त नाव मिळालं आहे आणि त्यावर परिषदा भरतात. परिषदेत पातेलं मिळत नाही.

हट्टीपणाचंही तसंच. काकांचा मिक्सर त्यांच्या लग्नाइतका जुना आहे आणि दोन्हीही आवाज करत चालू आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, “काका, नवीन घ्या.” काका म्हणतात, “कपलर बदलून दे.” तो बदलतो, कारण काका हलत नाहीत. छत्रीची काडी, बॅगेची चेन, चपलेचा अंगठा, कुकरचं हँडल, काकांनी काहीही टाकून दिलेलं नाही. त्यांच्या माळ्यावर जे आहे ते भंगार नाही, सुटे भाग आहेत.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, की कुठलाही दुर्गुण चालेल. तसं नाही. हाव चालत नाही, आणि हाव हल्ली हिरवे कपडे घालून येते. कापडी पिशवीचंच बघा. महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. काही आठवडे सगळे पिशवी घेऊन बाजारात दिसले. मग भाजीवाल्याच्या मेथीच्या जुडीखालून पातळ पिशव्या हळूच बाहेर आल्या. कापडी पिशव्यांचं काय झालं? त्या वाढतच गेल्या. परिसंवादात पिशवी, लग्नात पिशवी, संक्रांतीच्या वाणात पिशवी. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 च्या अहवालात हिशेब मांडला, की एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा तापमानवाढीच्या बाबतीत कापडी पिशवी सरस ठरायची, तर ती किमान 131 वेळा वापरली पाहिजे. म्हणजे दाराच्या खिळ्याला चाळीस पिशव्या लटकत असतील, तर त्यांच्यावरचं कर्ज फेडायला 5,240 वेळा बाजारात जावं लागेल. आठवड्यातून दोनदा गेलं, तर पन्नास वर्षं. प्लास्टिक वाईटच, गटारात, नदीत, गाईच्या पोटात ते काय करतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण पर्यावरण वाचवण्याची वस्तू विकत घेतली म्हणजे पर्यावरण वाचतं असं नाही. ती झिजेपर्यंत वापरावी लागते. त्या कामी पुन्हा काकांसारखा माणूस लागतो, जो नवी पिशवी दिसली की ‘आधीची फाटली का?’ असं विचारतो.

कोणी म्हणेल, काकांनी दिवा बंद करून होणार काय, कारखान्यांच्या चिमण्या चालूच आहेत. खरं आहे. आपल्या प्रत्येकाचा ‘कार्बन फूटप्रिंट’ किती हे मोजायचं गणकयंत्र 2004 मध्ये बीपी या तेलकंपनीने लोकांपुढे ठेवलं. गुत्त्याच्या मालकाने गिऱ्हाइकाला ‘किती पितोस ते लिहून ठेव हं’ म्हणून वही भेट द्यावी, तसं. तेव्हा वही भरता भरता मालकाकडेही बघायला हवं. पण त्यासाठीसुद्धा दुर्गुणच उपयोगी पडतात. नदीत सांडपाणी कुठल्या नळातून येतं, ते शोधायला भोचकपणा लागतो. अर्ज करून उत्तर येईपर्यंत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला हट्टीपणा लागतो. आणि सरकारनेही हे ओळखलेलं आहे. चढे दरटप्पे, दंड, अनुदान, मालमत्ता करातली सवलत, यांतलं एकही माणसाच्या थोरपणावर विसंबून नाही. जिथे धोरण थोरपणावर विसंबतं, तिथे फक्त फलक लागतात.

म्हणून घरातलं कामाचं वाटप गुणांप्रमाणे करू नये. वीज आणि पाणी चिक्कू माणसाकडे द्यावं. खत आणि इस्त्री आळशाकडे. कचऱ्याचं वर्गीकरण भोचक माणसाकडे, शक्यतो त्याचं दार जिन्याकडे उघडणारं असावं. गच्चीवरचं सौर पॅनेल ईर्ष्या करणाऱ्याकडे, जुन्या वस्तू हट्टी माणसाकडे, बोहारीण आली की घासाघीस करणारीला हाक मारावी. एकाच माणसात दोन-तीन दुर्गुण असतील तर तो घराचा ठेवा समजावा.

आणि घरात खरोखरच सद्गुणी, निःस्वार्थी, पृथ्वीवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस निघाला, तर निराश होऊ नये. त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करावं. वर्षभरात तोही कामाचा होतो.